पाचवी धाय



घरात दुसरं बाळ येणार असलं की हल्ली तयारीच्या यादीत एक ओळ नक्की असते: स्ट्रोलर, म्हणजे आपली बाबागाडी. पहिल्याची चालेल का, नवी घ्यायची तर एकाची की दोघांची, घडीची की मोठ्या चाकांची, असे प्रश्न सुरू होतात. आणि त्याच वेळी घरातली किंवा मंदिरातली कुणीतरी मोठी बाई म्हणतेच, ‘आम्ही काय गाड्या घेऊन मुलं वाढवली?’

या वाक्यावर सुना गप्प बसतात. मला मात्र तो प्रश्न चांगला वाटतो, कारण तो इतिहासाचा आहे. गाडी नव्हती तेव्हा मूल उचलत कोण होतं? याचं उत्तर नीट शोधलं, तर गाडी घ्यावी की नाही आणि घ्यायची तर कोणती, हे दोन्ही उलगडत जातं.

सुरुवात आपल्याच ग्रंथांपासून करू. ज्ञाताधर्मकथेत श्रेणिक राजाचा मुलगा मेघकुमार याला वाढवायला पाच धायी होत्या, असं वर्णन येतं. एक दूध पाजणारी, एक न्हाऊ घालणारी, एक नटवणारी, एक खेळवणारी आणि पाचवी अंकधात्री. अंक म्हणजे मांडी. बाळाला मांडीवर, कडेवर घ्यायचं, एवढंच तिचं काम. राजवाड्यातलं वर्णन आहे, सगळ्यांच्या घरी पाच धायी असणार नाहीत. पण त्यातून एक गोष्ट कळते. मूल उचलून घेणं हे एका बाईचं पूर्ण वेळाचं काम आहे, हे तेव्हा मान्य होतं. आईच्या बाकीच्या कामांत ते फुकटात धरलेलं नव्हतं.

दुसरा ग्रंथ आदिपुराण. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, आचार्य जिनसेनांनी तो रचला. त्यात श्रावकाच्या ५३ गर्भान्वय क्रिया सांगितल्या आहेत आणि त्यांत ‘बहिर्यान’ नावाची एक क्रिया आहे. बाळ जन्मल्यावर दोन-तीन किंवा तीन-चार महिन्यांनी, अनुकूल दिवस पाहून, मंगल वाद्यं वाजवत त्याला पहिल्यांदा बाळंतिणीच्या खोलीबाहेर न्यायचं. बाळाला बाहेर नेणं हा आपल्याकडे एक संस्कारच आहे. आणि न्यायचं कुणी? आईने, किंवा धायीच्या मांडीवर देऊन. तो दुसरा पर्याय ग्रंथकारांनी स्वतः दिलेला आहे. त्या दिवशी नातलगांकडून जे धन मिळेल ते जपून ठेवावं आणि पुढे मुलगा वडिलांच्या धनाचा मालक होईल तेव्हा त्याला द्यावं, असंही तिथे सांगितलं आहे. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. बाळाच्या नावाची ठेव हजार-बाराशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलेली पाहून मला फार बरं वाटलं.

पंचकल्याणक पूजेत आपण जन्मकल्याणकाचा सोहळा पाहतो. बालतीर्थंकरांना ऐरावतावरून मेरू पर्वतावर नेतात. पण तिथेही इंद्राणी बाळाला स्वतःच्या हातांनी उचलून आणते आणि ऐरावतावर बाळ इंद्राच्या मांडीवर असतं. वाहन कितीही मोठं असो, बाळाला आधी हात आणि मांडी लागते.

आता आपल्या रत्नागिरीकडे या. खाली बंदर, वर सडा आणि मध्ये जांभ्या दगडाच्या पाखाड्या. वहाळावर साकव. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मुंबईची आगबोट किनाऱ्यापर्यंत येत नसे, ती खोल पाण्यात नांगरायची आणि उतारू लहान होड्यांतून बंदरावर उतरायचे. मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग कोकण रेल्वे धावू लागली ती १९९८ साली. अशा मुलखात बाळाची चाकाची गाडी कोण कशाला आणेल? बाळ कडेवर, पाठुंगळीला किंवा खांद्यावर. घरात पाळणा आणि आढ्याला बांधलेली लुगड्याची झोळी. कडेवरचं बाळ एकाच बाईच्या कडेवर नसायचं, ते आजी, आत्या, थोरली जाऊ, शेजारची काकू अशा फेऱ्या मारत दिवसभर फिरायचं.

चाकाची म्हणाल तर एकच गाडी आपल्याकडे घरोघर होती: पांगुळगाडा. तीन चाकांचा, लाकडाचा. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांबरोबर तो बनत आला आहे. पण त्याची कल्पना बाबागाडीच्या अगदी उलट आहे. बाबागाडीत मूल बसतं आणि मोठं माणूस ढकलतं. पांगुळगाडा मूलच उभं राहून ढकलतं आणि ढकलता ढकलता चालायला शिकतं.

रत्नागिरीतला एक प्रसिद्ध परिवार इथे आठवतो. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं. सुपायलात राणीबरोबर दोन लहान मुली होत्या आणि तिसरी वाटेत मद्रासला जन्मलेली, जेमतेम महिना-दीड महिन्याची. चौथी पुढच्याच वर्षी इथे रत्नागिरीत झाली. सव्वा वर्षाच्या आत दोन तान्ह्या मुली! पण राणीबरोबर तिच्या ब्रह्मी दासी होत्या. पुढे थोरल्या राजकन्येला रत्नागिरीतच मुलगी झाली, टुटू. ती मराठी बोलत इथेच वाढली, इथेच संसार केला आणि मुलं वाढवली, तीही गरिबीत, दासींशिवाय. गाव तेच, फक्त दोन पिढ्यांत उचलणारे हात गेले.

हे हात जाणं, हीच बाबागाडीच्या इतिहासाची किल्ली आहे असं माझं मत झालं आहे.

तो इतिहास सुरू होतो इंग्लंडमध्ये, १७३३ साली. डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकने आपल्या मुलांसाठी विल्यम केंट या नामांकित बाग-रचनाकाराकडून एक गाडी करून घेतली. शिंपल्याच्या आकाराची, सुंदर, आणि ओढायला बकरी किंवा लहान तट्टू जुंपायचं. ती गरजेची वस्तू नव्हती, खेळणं होतं. ड्यूकच्या घरी हातांना काय तोटा! आपल्या दृष्टीने पाहिलं तर तिथे आणखी एक अडचण आहे. मुलाच्या मौजेसाठी मुक्या जिवाच्या मानेवर जू. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आहे, म्हणजे जनावरावर त्याच्या शक्तीबाहेर भार लादणं. श्रावकाने टाळावेत असे जे पंधरा व्यवसाय, म्हणजे कर्मादान, सांगितले आहेत, त्यांत गाड्यांच्या धंद्याचं शकटकर्मही येतं. त्यामुळे पुढे जेव्हा जनावर सुटलं आणि माणसाने गाडी हाताने ढकलायला घेतली, ती सुधारणा आपल्याला इतरांपेक्षा थोडी जास्त भावते.

ती सुधारणा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झाली. चार्ल्स बर्टन याने अमेरिकेत ढकलायची गाडी बाजारात आणली. रस्त्यात लोकांना धक्के लागू लागले, तक्रारी झाल्या, तसा तो इंग्लंडला गेला आणि १८५३ साली तिथे त्याने पेटंट घेतलं. ‘पेराम्ब्युलेटर’ हे तिचं नाव, त्याचंच पुढे ‘प्रॅम’ झालं. व्हिक्टोरिया राणीने आपल्या मुलांसाठी अशा गाड्या घेतल्या (नऊ मुलं होती तिला) आणि मग गाडी प्रतिष्ठेची झाली. १८७७ साली लीड्स शहरात विल्यम विल्सन याने सिल्व्हर क्रॉस ही कंपनी काढली. स्प्रिंगवर डुलणाऱ्या, रथासारख्या दिसणाऱ्या त्यांच्या गाड्या प्रसिद्ध झाल्या.

साहेबाबरोबर त्या गाड्या मुंबई-पुण्यालाही आल्या. साहेबाच्या घरी आया मुलाला ‘बाबा’ म्हणायच्या. बाबागाडीतला ‘बाबा’ म्हणजे वडील नव्हेत, बाळच. पण गाडी ढकलत होती ती आयाच. जड लोखंडी सांगाडा, मोठी चाकं, ठेवायला वेगळी जागा हवी. आईने एकटीने ती जिन्यावरून उतरवावी असा विचार तिच्या घडणीत नव्हता, कारण आई ती ढकलणारच नव्हती.

पुढच्या दोन माणसांनी मात्र गाडी खरोखर बदलली. पहिला विल्यम रिचर्डसन, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातला एक कृष्णवर्णीय कारागीर. १८ जून १८८९ रोजी त्याला पेटंट मिळालं. तोवर बहुतेक गाड्यांत मुलाचं तोंड एकाच दिशेला असे. रिचर्डसनने बाळाची टोपली उलटी करता येईल अशी केली. हवं तेव्हा बाळ रस्त्याकडे, हवं तेव्हा आईकडे. चाकंही एकमेकांपासून मोकळी फिरतील अशी केली, त्यामुळे अरुंद जागेत गाडी वळू लागली. आज दुकानदार ‘रिव्हर्सिबल’ म्हणून जे कौतुकाने दाखवतो, ते १८८९ सालचं आहे.

दुसरा ओवेन मॅक्लारेन. हा विमानाचा इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायर विमानाची चाकं पंखांत मिटतात, त्या रचनेवर त्याने काम केलं होतं. त्याची मुलगी बाळाला घेऊन विमानाने इंग्लंडला आली, तेव्हा तिचे जड प्रॅममुळे फार हाल झाले. आजोबांनी ते मनावर घेतलं. विमानासाठी वापरतात तसं हलकं अ‍ॅल्युमिनियम घेतलं आणि छत्रीसारखी मिटणारी गाडी केली. वजन सुमारे २.७ किलो. पेटंटचा अर्ज १९६५ सालचा, दोन वर्षांनी ती बाजारात आली. एका कडेवर मूल, दुसऱ्या हाताने गाडी मिटायची. ड्यूकच्या गाडीपासून दोनशेहून अधिक वर्षांनी, ज्या बाईला दुसरे हात नाहीत तिच्यासाठी पहिल्यांदा कुणी गाडी केली. आणि ती एका आजोबांनी लेकीसाठी केली, हे मला विशेष वाटतं.

याच गाडीबद्दल सावधपणाची एक नोंदही इतिहासात आहे. २००९ साली अमेरिकेत या कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांवर आवरण बसवून द्यावं लागलं. गाडी उघडताना मुलांची बोटं बिजागरीत सापडून बोटाचं टोक तुटल्याच्या बारा घटना नोंदल्या गेल्या होत्या. म्हणून कोणतीही घडीची गाडी उघडता-मिटताना मूल हातभर लांब हवं. मोठं भावंड मदतीला धावतं, तेव्हा तर हे जास्तच सांभाळायचं.

आता निवडीकडे येते. आमच्याकडे नातू अडीच वर्षांचा आहे आणि दुसऱ्या बाळाची वाट पाहतो आहोत. सूनबाईचं पहिलं बाळंतपण सिझेरियनचं. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझे गुडघे जिन्यात बोलतात. मुलगा सकाळी जातो तो रात्री येतो. माझी पहिली मुलगी झाली तेव्हा घरात सासूबाई, दोन जावा आणि नणंद होती. आज दिवसाचे दहा तास त्या घरात सूनबाई आणि मी, दोघीच. एवढा हिशोब मांडला तरी ‘आम्ही काय गाड्या घेतल्या?’ याचं उत्तर मिळतं. आपण गाडी घेतली नाही, कारण आपल्याकडे अंकधात्री होत्या. पगार न घेणाऱ्या, नात्याच्या.

गाडी पाहताना मी दुकानदाराला काय विचारलं ते क्रमाने सांगते.

पहिलं, ती कोण उचलणार? ढकलायला सगळ्याच हलक्या वाटतात. दुकानात ती मिटवा, एका हाताने उचला आणि दहा पायऱ्या चढून पाहा. प्रत्येक सोय वजनाने येते. उलटी होणारी बैठक, मोठी चाकं, खालची मोठी टोपली, सगळ्यांचं वजन वाढत जातं. ‘सगळं काही असलेली’ गाडी दहा-बारा किलोंची निघाली, तर दुसऱ्या मजल्यावर ती शोभेलाच राहते.

दुसरं, तान्ह्याला चालेल का? साधारण पहिले सहा महिने बाळाला जवळजवळ सपाट निजता आलं पाहिजे. छत्रीसारख्या बऱ्याच हलक्या गाड्यांत पाठ तेवढी मागे जात नाही, त्या बसत्या मुलांच्या. तान्ह्यासाठी बैठक आपल्याकडे तोंड करणारी असली तर उत्तम, दूध ओकलं तरी लगेच दिसतं. पट्टा पाच ठिकाणी अडकणारा हवा: दोन खांदे, दोन कंबर, एक पायांमधून.

तिसरं, एकाची की दोघांची? दोन मुलांत वर्षभराचंच अंतर असेल किंवा जुळी असतील तर दोघांची गाडी लागते. शेजारी-शेजारी बसायची गाडी जवळजवळ अडीच फूट रुंद असते, आपल्या जुन्या घरांच्या दारातून आणि राम आळीच्या गर्दीतून ती नेणं कठीण. अंतर अडीच-तीन वर्षांचं असेल तर एकाची गाडी आणि मागे मोठ्याने उभं राहायची फळी पुरते. ती फळी त्या गाडीला बसते का, हे आधी विचारा. गाडी किती किलोपर्यंतच्या मुलासाठी आहे तेही वाचा. काही १५ किलोपर्यंत, काही २२ पर्यंत चालतात.

चौथं, वाट कोणती? लहान चाकं चिऱ्यांच्या सांध्यात आणि खडीत अडकतात, मोठी चाकं निघून जातात. उतार आपल्याकडे पावलोपावली, म्हणून ब्रेक उतारावरच तपासावा. खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजतं, सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा बरा. मुठीला भाजीची पिशवी अडकवू नये, बाळ उचललं की गाडी मागे उलटते. उन्हात छत्रीवर कपडा पांघरू नये, आत उष्णता कोंडते.

पाचवं आपलं खास. मुठीचं आणि पट्ट्यांचं आवरण चामड्याचं आहे का, हे विचारा. जुन्या इंग्रजी प्रॅम तर चामड्याच्या पट्ट्यांवरच टांगलेल्या असत. आजही महाग गाड्यांत चामडं सापडतं.

आणि काही वाटा चाकांच्या नाहीतच, हे मान्य करावं. कुंभोजच्या बाहुबलीला २८ फुटी मूर्तीपर्यंत गाडी नेता येईल, पण डोंगरावरच्या मंदिरांच्या पायऱ्यांवर नाही. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर आणि शिखरजीला तर विचारूच नका, तिथे मुलांना अंगावर घेऊनच चढावं लागतं. म्हणून गाडीच्या जोडीला अंगावर बांधायची कापडी झोळी हवीच. ती आपल्या आज्यांचीच गोष्ट आहे, फक्त पट्टे नवे.

मिरगाचा पाऊस पडला की आमची गाडी माळ्यावर जाते. एक कारण गंज आणि बुरशी. दुसरं कारण तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत वाटेवर मिरगाचे लाल मखमली किडे, पैसे किडे, गोगलगाई पसरलेल्या असतात. आपण चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायला शिकलो, पण गाडी ढकलताना नेमके तेच चार हात गाडीखाली झाकले जातात. साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, तेवढे दिवस आपली चाकंही थांबली तर काय बिघडलं?

हिशोबाशिवाय माझा लेख पुरा होत नाही. समजा, गाडी १६,००० रुपयांची घेतली आणि दोन मुलांना मिळून चार वर्षं वापरली. पावसाळा वगळून वर्षाचे ३५ आठवडे, आठवड्याला चार दिवस, म्हणजे वर्षाला १४० आणि चार वर्षांत ५६० दिवस. शेवटी ४,८०० ला विकली तर निव्वळ खर्च ११,२००. दिवसाला वीस रुपये. उलट ६,००० ची स्वस्त गाडी घेतली, ती तान्ह्याला चालली नाही, जिन्यात जड झाली आणि साठ वेळा वापरून पडून राहिली, तर प्रत्येक फेरीला शंभर रुपये. किमतीपेक्षा वापर पाहावा.

आणि तीच गाडी पुढे समाजातल्या तिसऱ्या-चौथ्या बाळाकडे गेली, तर दिवसाचा खर्च आणखी उतरतो आणि अपरिग्रहही साधतो. आम्ही अशीच, एका ओळखीच्या घरून वापरलेली, सपाट होणारी, उलटी फिरणारी, आठ किलोंची गाडी घेतली आहे. चाकं काढून धुतली, बिजागऱ्या तपासल्या, पट्टा नवा बसवला. उभं राहायची फळी तेवढी विकत आणली. गाडी तळमजल्याच्या जिन्याखाली साखळीने बांधून ठेवणार, म्हणजे वर चढवायची ती फक्त मुलं. दुपारी बाळाला घेऊन थिबा पॅलेसच्या बाजूला फेरी मारायची पाळी माझी. तेवढ्या वेळात सूनबाईने निजायचं, हे आत्ताच ठरवून टाकलं आहे.

म्हणून मोठ्या मैत्रिणींना एवढंच म्हणते. सुनेने गाडी मागितली तर त्यात आपल्या काळाचा अपमान नाही. गाडी ही पाचव्या धायीची जागा भरते. बाकीच्या चार धायींचं काम अजून घरातल्या माणसांनीच करायचं आहे, आणि तिथे आपले हात लागणारच आहेत.

जय जिनेंद्र.